चौदा हात आणि एक मूठ

"एका तासाचं तर काम आहे," बायको चपला शोधत म्हणाली. "चौदा मुलं, चौदा पणत्या. रंग द्यायचा, वर चकचकीत टिकल्या चिकटवायच्या, खिडकीत वाळत ठेवायच्या. झालं!"

डॉक्टर गालावरचा साबणाचा फेस तसाच घेऊन बाहेर आले. "अगं, पण हे तू करणार होतीस ना?"

"होते. पण एका बाईला पहाटेपासून कळा येतायत. आता त्या बाळाला सांगू का, जरा दम धर, मला बालवर्गात पणत्या रंगवायच्यात?"

बायको प्रसूतिगृहात परिचारिका होती आणि डॉक्टर दातांचे. घरात कुणाचं काम जास्त तातडीचं, हा वाद लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मिटला होता. डॉक्टरांनी दवाखान्यात फोन करून सकाळचे पेशंट बारानंतर ढकलले.

"जमेल ना तुम्हाला?" तिने दारातून विचारलं.

"मी आडव्या वाढलेल्या अक्कलदाढा काढतो. मातीच्या पणतीला रंग देणं मला जमेल."

"पणतीचं नाही हो, मी मुलांचं विचारत होते," असं म्हणून ती जिना उतरूनही गेली.

डॉक्टरांची साडेतीन वर्षांची मुलगी टिकली त्याच बालवर्गात जायची. तिला सायकलच्या मागच्या खुर्चीत बांधून, पणत्यांची पिशवी हँडलला अडकवून डॉक्टर निघाले. हवा छान होती, चार दिवसांवर दिव्यांचा सण आला होता, आणि पेशंटच्या तोंडात न डोकावता सुरू होणारी अशी सकाळ त्यांच्या वाट्याला फार दिवसांनी आली होती. त्या आनंदात त्यांनी बालवर्गाच्या कोपऱ्यावरचा गतिरोधक पाहिला नाही.

"बाबा, पिशवी वाजली," टिकली मागून म्हणाली.

पिशवी नुसती वाजली नव्हती. डॉक्टरांनी फाटकापाशी उतरून आत पाहिलं, तर चौदापैकी तीन पणत्या शाबूत होत्या आणि बाकीच्यांचा चुरा झाला होता.

बालवर्गाच्या बाई दारातच उभ्या होत्या. एकतीस वर्षं लहान मुलं सांभाळून त्यांच्या चेहऱ्यावर एक शांतपणा आला होता. भूकंप झाला तरी त्या आधी कुणाची चड्डी ओली झाली का तेवढं पाहतील, असा. त्यांनी पिशवीत डोकावलं.

"तीन राहिल्यात ना," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "आळीपाळीने रंगवतील."

"डॉक्टर, या वयात आळीपाळी नसते. तीन पणत्या आत नेल्यात तर मारामारी होईल. संध्याकाळी पाच वाजता आईबाप येणार आहेत. प्रत्येकाला आपल्या पोराने केलेलं काहीतरी हातात हवं असतं. काल दिवसभर मी मुलांना तेच सांगत होते."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की त्यांना कल्पना सुचायच्या.

"बाई, मला पंधरा मिनिटं द्या. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे. दातांचा साचा घ्यायची गुलाबी पूड असते आमच्याकडे. पाण्यात कालवली की तीन मिनिटांत रबरासारखी होते. अपायकारक काही नाही, आम्ही माणसांच्या तोंडात घालतो ती. मुलांनी तिच्यात हात दाबायचे, काढायचे, आणि त्या खड्ड्यात मी नंतर प्लास्टर ओतणार. प्रत्येकाच्या हाताची हुबेहूब मूर्ती! तळव्यावर छोटा दिवा ठेवायचा. आहे काय त्यात?"

"सोपं वाटतंय," बाई म्हणाल्या. हे वाक्य बाईंनी एकतीस वर्षांत किती आईबापांना ऐकवलं असेल, याचा डॉक्टरांना अंदाज नव्हता.

डॉक्टर पुडे घेऊन परत आले तेव्हा बाहेर चपलांच्या बाकावर एक तरुण बाई मांडीवर सदरा घेऊन बटणांची काजं करत बसली होती. ती शिवणकाम करायची. गेले पाच महिने ती रोज तिथेच बसून करायची, कारण तिची मुलगी बालवर्गात एक अक्षरही बोलत नव्हती. घरी तोंडाचा पट्टा चालू असायचा. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. न बोलता तिचं काही अडत नव्हतं, ही वेगळी गोष्ट. ती नुसतं बोट दाखवायची आणि बाकीची तेरा मुलं उठायची, बसायची, खेळणी द्यायची. बाईंनी तिचं नाव 'फौजदार' ठेवलं होतं. आई मात्र हसायची नाही. पुढच्या वर्षी मोठी शाळा. तिथे चाळीस मुलांच्या वर्गात हिचं बोट कोण पाहणार? पोटात दुखलं तर ही सांगणार कशी? म्हणून ती बाकावर बसून राहायची. न जाणो, आतून कधी हाक आली तर ऐकू यावी.

आत चौदा मुलं सतरंजीवर गोल बसली होती. "हे टिकलीचे बाबा," बाईंनी ओळख करून दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर सुखावले. पूड नाकात जाऊ नये म्हणून त्यांनी सवयीने खिशातला मास्क काढून तोंडाला लावला आणि हातमोजे चढवले.

टाळ्या थांबल्या. समोरच बसलेला एक गुटगुटीत मुलगा टक लावून पाहत होता. मग त्याचा खालचा ओठ थरथरला.

"दातवाला!" तो किंचाळला.

चौदापैकी सहाजण डॉक्टरांचे पेशंट होते. त्या सहांनी सूर धरला, आणि बाकीच्यांनी काय झालं हे न विचारता साथ दिली. एकटी फौजदार काय ते शांतपणे पाहत होती. डॉक्टरही क्षणभर पाहतच राहिले, कारण दवाखान्यात कितीही विनवण्या केल्या तरी इतकी तोंडं इतकी मोठी कधी उघडत नसत.

"बाई, या निळ्या फ्रॉकवालीची खालची दाढ किडतेय," ते गोंगाटात ओरडले. "तिच्या आईला सांगा!"

"आधी तो मास्क काढा!" बाई ओरडल्या.

मास्क काढला. रडणं थांबलं. खात्री करावी म्हणून डॉक्टरांनी तो पुन्हा लावला, रडणं सुरू. काढला, बंद. शेवटी त्यांनी मास्क आणि हातमोजे दोन्ही खिशात कोंबले आणि उघड्या हातांनी कामाला लागले. त्यात त्यांना शिंक आली. पुड्याचं तोंड उघडं होतं. गुलाबी ढग उठला आणि सावकाश मुलांच्या केसांवर, सतरंजीवर आणि बाईंच्या चष्म्यावर उतरला. मुलांना हे मात्र फार आवडलं.

"पुन्हा शिंका ना काका!"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. "दहा मिनिटांत आले," चष्मा पुसत त्या म्हणाल्या. "तोवर सांभाळाल ना?"

"अहो, निश्चिंत जा!"

डॉक्टरांनी बाहुल्यांना आंघोळ घालायचा प्लास्टिकचा टब मधोमध ठेवला आणि उरलेली सगळी पूड त्यात रिकामी केली. एकेकासाठी थोडी थोडी कालवावी, असा मूळ बेत होता. पण एकाला दिली की तेराजण थांबत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. "आता मला थंड पाणी आणून द्या," ते म्हणाले.

मुलं नळाकडे धावली. आता, पाणी थंड असलं की ही पूड सावकाश घट्ट होते आणि कोमट असलं की झटकन, हे दातांच्या दवाखान्यातल्या कुणालाही माहीत असतं. पण लहान मुलांच्या नळाला बालवर्गात कोमट पाणी येतं, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. चौदा इवल्या पेल्यांतून पाणी आलं, निम्मं सतरंजीवर सांडलं, निम्मं टबात पडलं. डॉक्टर मोठा स्टीलचा चमचा घेऊन घोटू लागले. वीस सेकंदांत चमचा जड झाला. चाळिसाव्या सेकंदाला डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला.

"लवकर! सगळ्यांनी हात घाला! सगळ्यांनी एकदम!"

ही आज्ञा मुलांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. एरवी सगळे त्यांना 'हात घालू नको' एवढंच सांगतात. तेरा हात टबात गेले. चौदाव्याने पाय घातला. गडबडीत चमचा डॉक्टरांच्या हातून सुटून बुडाला, तो काढायला त्यांनी मनगटाच्या वर हात घातला, तळाशी चमच्याची दांडी सापडली, मूठ आवळली, आणि त्याच क्षणी तो गुलाबी चिखल रबर झाला.

"आता कुणीही हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "एक मिनिट. पुतळे व्हा."

दहा सेकंद पुतळे झाले. मग निळा फ्रॉक म्हणाला, "काका, मला शू आली."

शू ही अशी गोष्ट आहे की एकाला आली की सगळ्यांना येते.

"मला पण!"

"मला पण आली!"

"मला नाही आली, पण येणारे!"

"बरं, काढा हात! हळूच! एकेक करून!"

गुटगुट्याने हात ओढला. 'पक्' असा आवाज झाला, बाटलीचं बूच उडावं तसा. मग हशा पिकला. पक्! पक्! पक्! चौदा पक् झाले, त्यातला एक पायाचा. शू सगळे विसरले. डॉक्टरांनी समाधानाने टबात पाहिलं. साचे सुरेख उठले होते. नखंसुद्धा दिसत होती. त्यांनी आपला हात ओढला.

हात आला नाही.

मूठ रुंद आणि मनगट बारीक असेल तर मूठ साच्यातून निघत नाही. डॉक्टरांनी हेच कारण सांगून कितीतरी लोकांच्या वाकड्या दातांचे साचे काळजीपूर्वक घेतले होते. मूठ उघडावी, तर बोटांना जागा नव्हती. त्यांनी टब गुडघ्यांत धरून ओढला. मग उभं राहून झटकला. टब हाताबरोबर वर आला, भलं मोठं बादलीएवढं काकण घालावं तसं.

"माझे बाबा अडकले!" टिकली अभिमानाने ओरडली.

खिशात फोन वाजला. डाव्या हाताने डॉक्टरांनी तो कसाबसा कानाला लावला. दवाखान्यातली मदतनीस होती. "डॉक्टर, दाताला कॅप बसवायला ते काका आत्ताच येऊन बसलेत. किती वेळ लागेल?"

"मी जरा अडकलोय."

"कामात?"

"नाही. टबात."

"बरं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आता फौजदाराने सूत्रं हातात घेतली. तिने गुटगुट्याकडे बोट दाखवलं, मग डॉक्टरांच्या कमरेकडे. गुटगुट्याने कंबर धरली. त्याला निळ्या फ्रॉकने धरलं. बोट फिरत गेलं, रांग वाढत गेली. टब धरायला तिने चौघांना बसवलं आणि स्वतः डॉक्टरांची बाही दोन्ही हातांनी पकडली. मग मान हलवली.

सगळ्यांनी जोर लावला. बाही खांद्यापाशी टर्रकन फाटली. आणि तोवरच्या सगळ्या आवाजांचा बाप म्हणावा असा एक 'फक्क' झाला. डॉक्टर मागे पडले, ते रंगीत कागदाच्या पट्ट्यांच्या ढिगात. त्यांच्यावर नऊ मुलं. चमचा आतच राहिला होता, पण हात मोकळा झाला होता.

त्या गोंधळात एक आवाज आला. खणखणीत, बारीक, कुणीच कधी न ऐकलेला.

"परत!"

गुटगुट्याने वळून पाहिलं. फौजदार टबापाशी उभी होती आणि बोट न दाखवता डॉक्टरांकडे बघत होती.

दार धाडकन उघडलं. काजं करायची सुई दातात, सदरा खांद्यावर, अशी तिची आई आत आली. डॉक्टर ढिगातून उठले. समोर आई, आणि आईसमोर तिची मुलगी: केस गुलाबी, फ्रॉक ओला, कोपरापर्यंत रबराचे तुकडे.

"हे बघा, सगळी चूक माझी आहे," डॉक्टर भराभर बोलू लागले. "धुतलं की निघतं. तोंडात गेलं तरी काही होत नाही. फ्रॉक मी नवीन आणून..."

"कोण बोललं?" आईने सुई काढून विचारलं. "आत्ता 'परत' कोण म्हणालं?"

डॉक्टरांनी बोट दाखवलं.

आई मटकन खाली बसली, ओल्या सतरंजीवर. "बाळा," ती म्हणाली, "पुन्हा म्हण ना."

फौजदाराने तोंड मिटलं. आईने विनवलं, मुलांनी विनवलं, टिकलीने आपली खिशातली टिकल्यांची डबी देऊ केली. काही उपयोग नाही. ती टबाकडे पाहत उभी.

डॉक्टरांनी एक सुस्कारा टाकला. मग आपल्याच खड्ड्यात हात घातला. तो आता बरोबर बसत होता. त्यांनी तळाशी पुन्हा चमचा धरला. "ओढा," ते म्हणाले.

फक्क!

"परत!" फौजदार ओरडली, आणि हसली.

बाई फोन संपवून आल्या तेव्हा पाचवी खेप चालू होती. शहरातला एक नावाजलेला दंतवैद्य एका बाहीने कागदाच्या ढिगात पडत होता, चौदा मुलं नाचत होती, आणि शिंपीणबाई डोळे पुसत पुसत ओढणाऱ्यांच्या रांगेत शेवटी उभी होती. सातव्या खेपेला फौजदार म्हणाली, "आता जोरात ओढा, हां काका!" बाईंनी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच आधी कुणाची चड्डी पाहिली नाही. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि नाक ओढू लागल्या.

दुपारी मुलं घरी गेल्यावर डॉक्टरांनी प्लास्टर ओतलं. मुलं नसताना ओतायचं, असा त्यांचा पहिल्यापासून बेत होता, कारण प्लास्टर तापतं. त्या दिवशीच्या बेतांपैकी तेवढा एक तडीस गेला. टबातल्या खड्ड्यांना वेगवेगळं करायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी टब काठोकाठ भरला. दवाखान्यात जाऊन कॅपवाल्या काकांची क्षमा मागितली, पाच जणांचे दात पाहिले, आणि साडेचारला परत येऊन टब उपडा केला. बाईंनी आणि त्यांनी मिळून गुलाबी रबर सोलून काढलं.

आत एकच पांढरी शुभ्र वस्तू निघाली. एका बैठकीतून चौदा इवले अवयव वर आले होते, तेरा हात आणि एक पाऊल, गवताच्या जुडीसारखे. दोन मुलांचे हात एकमेकांना चिकटून एका तळव्याला सात बोटं आणि दुसऱ्याला तीन झाली होती. आणि मधोमध उभी होती एक भलीमोठी, शिरा फुगलेली मूठ. तिच्यातून चमचा वर आला होता. ओढाओढीत त्याची मान वाकून पुढचा भाग नीट आडवा झाला होता.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येकाला घरी काय देणार आता?"

बाई वस्तूभोवती एक फेरी मारून आल्या. मग कपाटातून तेलाची बाटली आणि कापूस काढला, वात वळली, चमच्यात तेल ओतलं आणि दिवा लावला.

पाच वाजता आईबाप मुलांना घेऊन आले तेव्हा खोलीत दुसरा उजेड नव्हता. चारही भिंतींवर आणि छतावर हातांच्या मोठाल्या सावल्या हलत होत्या. मग एक बाबा गुडघ्यांवर बसले आणि पांढऱ्या बोटांवर आपलं बोट फिरवत म्हणाले, "हा आमचा. करंगळी बघा ना, आजोबांवर गेलीय." मग सगळेच वाकले. घरी न्यायला कुणाला काही नव्हतं, तरी कुणी निघायचं नाव घेईना. शेवटी ठरलं की ही वस्तू दर आठवड्याला एकेकाच्या घरी मुक्कामाला जाईल.

शिंपीणबाईने डॉक्टरांना कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं आणि अंगावरचा सदरा न काढताच ती बाही शिवत होती. "हलू नका, टोचेल," ती म्हणाली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "त्यानंतर बालवर्ग सुटेपर्यंत मी बाकावर नव्हते. घरी गेले होते. तिनेच सांगितलं, आई तू जा. पाच महिन्यांनी घरी बसून चहा प्यायले मी, एकटीने. तुमचे उपकार कसे..."

"अहो, माझा नुसता हात अडकला होता," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या एका कडेवर एक, दुसऱ्या हाताला दोन मुलं घेऊन सतरंजीवरचा रबराचा शेवटचा तुकडा पायाने गोळा करत होत्या. "बाई, तुम्ही हे रोज करता?"

"रोज प्लास्टर नसतं," बाई म्हणाल्या.

बायको प्रसूतिगृहातून थेट तिथेच आली, डोळ्यांवर झोप आणि चेहऱ्यावर हसू घेऊन. मुलगी झाली होती, साडेतीन किलोची. ती भिंतीवरच्या सावल्यांकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. मग नवऱ्याच्या केसांतली गुलाबी पूड झटकत म्हणाली, "मी आले असते तर नुसत्या पणत्या झाल्या असत्या."

पंधरा दिवसांनी शिंपीणबाई फौजदाराला घेऊन दवाखान्यात आली. मुलगी उड्या मारत स्वतःहून खुर्चीत चढली. रडणं नाही, हट्ट नाही. मदतनीस तर बघतच राहिली.

"डॉक्टर, वरचा दात दुखतो म्हणते," आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "आणि एक विचारू का? रागावू नका. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही मी. पण ही सकाळी सहाला सुरू होते ती झोपेपर्यंत. वाटेतल्या माणसांशी बोलते, दुकानदाराशी बोलते, काल एका कुत्र्याला अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. हे असं... कमी होतं का हो, कधी?"

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला आणि छोटा आरसा हातात घेतला. फौजदार सांगत होती की तिच्याकडे परवा ते हातांचं झाड मुक्कामाला आलं, आणि ते झाड नाहीच मुळी, ते सगळे मिळून जेवायला बसलेत, आणि मधला मोठा काका वाढतोय, आणि त्या काकाला बायको आहे, ती बाळं आणते, आणि तुम्हाला किती दात आहेत, आणि हा दिवा तेलावर चालतो का.

आरसा घालावा एवढी फट पडत नव्हती. बाहेर चार पेशंट खोळंबले होते. मदतनिसाने दारातून डोकावून घड्याळाकडे खूण केली.

डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, स्टूल जवळ ओढलं आणि हनुवटी हातावर टेकवून बसले.

"बत्तीस होते," ते म्हणाले. "आता एकतीस आहेत. त्या एकाचं काय झालं, सांगू?"